एंटरप्राइजची राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा उभी करायची, तर शेवटच्या बोटीपासून सुरुवात करा

बहुतेक ठिकाणी सुरुवात करंडकापासून होते. बैठक भरते, तारीख ठरते, प्रायोजक शोधायला दोघांना पिटाळलं जातं, आणि आठवडा उरला असताना कळतं की पाण्यात उतरण्याजोग्या बोटी पाच-सहाच आहेत. करंडकाचं नंतर बघता येईल. आधी एक वही घ्या आणि बोटी मोजा.

हे मी एंटरप्राइज या शर्यतीच्या शिडाच्या बोटीबद्दल लिहिते आहे, कारण मुंबई बंदरात थोरल्या भावाच्या पुढ्यात जिबची शीट, म्हणजे पुढच्या शिडाचा दोर, धरून मी याच बोटीवर वाढले. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही बोट ४.०४ मीटरची, म्हणजे सव्वातेरा फुटांची. प्लायवूडचा कोनदार तळ, दोन माणसं आणि दुरून ओळखू येणारी निळी शिडं. बाहेर लटकायची तार (ट्रॅपीझ) नाही, फुग्यासारखं पुढचं शीड (स्पिनेकर) नाही. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा एंटरप्राइज हा त्यातला एक वर्ग, म्हणजे एका जातीच्या बोटींचा गट, होता. आपल्या फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं, आणि एंटरप्राइजचं सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने नेलं. तिथपर्यंत पोचलेली ही बोट आज कितीतरी शेडमध्ये ताडपत्रीखाली उलटी पडली आहे.

मुलं हल्ली ऑप्टिमिस्ट या एकट्याने चालवायच्या छोट्या बोटीवर शिकतात. ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात ते वर्ष संपलं की ऑप्टिमिस्ट सुटते. ज्यांना पदकाची आस आहे ती लेझर किंवा ट्वेंटीनाइनर या वेगळ्या वर्गांकडे जातात, बाकीची घरी बसतात. या घरी बसणाऱ्यांसाठी आणि चाळिशीनंतर पुन्हा पाण्यावर येऊ पाहणाऱ्यांसाठी एंटरप्राइजइतकी सोयीची बोट माझ्या पाहण्यात नाही. बाप-लेक, मावशी-भाची, नवरा-बायको, कुठलीही जोडी चालते. वजनं कमी-जास्त असली तरी मधल्या वाऱ्यात बोट सांभाळून घेते. स्पर्धा आखताना हीच माणसं डोळ्यांसमोर ठेवा. पहिले तीन कसेही येतात. शेवटून तिसऱ्या आलेल्या जोडीला पुढच्या वर्षी यावंसं वाटलं पाहिजे, आणि पुढची सगळी कामं मी त्याच हिशोबाने सांगते आहे.

बोटी मोजणं

फोनवर विचारू नका. फोनवर प्रत्येक बोट ‘चांगली आहे’ असते. स्वतः जा, आणि क्लबच्या सेक्रेटरीआधी बोटमनला भेटा. कुठल्या बोटीचा रडर (सुकाणू) दुसऱ्या बोटीला लावलाय, कुठली डोलकाठी वाकून सरळ केलीय, हे त्यालाच माहीत असतं. वहीत शिडावरचा नंबर, लाकडी की फायबर, मालक कोण, शेडची किल्ली कोणाकडे, काय काय गायब, एवढं लिहा. मग तीन भाग पाडा: आज उतरेल अशी, दोन शनिवार-रविवारांच्या कामाने उतरेल अशी, आणि जिचे सुटे भाग दुसरीला लावायचे अशी. तिसऱ्या भागातल्या बोटीला मालकाच्या लेखी परवानगीशिवाय स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. जुन्या बोटीत माणसांचा जीव अडकलेला असतो. वडिलांची बोट न विचारता उघडलेली पाहून एक गृहस्थ आमच्यापासून कायमचे तुटले.

लाकडी बोट तपासायची ती उलटी करून, भर उन्हात. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळाच्या मधल्या रेषेवर, ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या फळीच्या, दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आणि सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, खाचेभोवती ठोकत जा. सुकं लाकूड टणक वाजतं. ओलं लाकूड भदभद वाजतं, आणि तिथे टोक दाबलं की रंगाखाली रुततं. सेंटरबोर्डची पेटी (केस) जिथे तळाला मिळते तो सांधा सर्वांत आधी जातो, कारण सगळा ताण तिथेच येतो आणि पाणीही तिथेच साचतं. कुजलेलं लाकूड सुकं लाकूड लागेपर्यंत काढा. मग घाई करू नका, लाकूड पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतरच मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीने बसवा. ओल्यावर इपॉक्सी फासलं की वरून बोट देखणी दिसते आणि आतून कुजत राहते.

फुगवण्याच्या बॅगा असतील तर संध्याकाळी फुगवा आणि सकाळी दाबून पाहा. रात्रभर हवा न धरणारी बॅग म्हणजे उलटल्यावर न तरंगणारी बोट, तिथे तडजोड नाही. श्राउडच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या, तारेवरून जुनं सुती फडकं फिरवा. तारेचा एखादा पदर तुटला असेल तर फडकं अडकतं. रडर ज्यांवर अडकतो त्या खिळ्यांना (पिंटल) हाताने हलवून पाहा. पाय अडकवायच्या पट्ट्यावर (टो-स्ट्रॅप) पूर्ण वजन टाकून मागे झुका, किनाऱ्यावरच. बॅगांची रात्र सोडली तर ही तपासणी एका बोटीला तासाभरात होते आणि शर्यतीच्या दिवशीचे निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

पहिल्या वर्षी ‘राष्ट्रीय’ म्हणू नका

राष्ट्रीय हे नाव लावायचं तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे जावं लागतं, आणि गेलंच पाहिजे. पण पहिल्या वर्षी दुसऱ्या एखाद्या वर्गाच्या शर्यतीत वेगळा स्टार्ट आणि वेगळा निकाल मागून घ्या. रेस ऑफिसर, बोया, रेस्क्यू बोटी, तक्रारी ऐकणारी प्रोटेस्ट कमिटी हे सगळं तिथे आधीच उभं असतं. तुम्हाला फक्त बोटी, माणसं आणि आपल्या वर्गाचा झेंडा आणायचा असतो. आयोजकांना हे आवडतं, त्यांच्या प्रवेशिका वाढतात. दोन हंगाम असे गेले आणि तीन-चार शहरांतून जोड्या येऊ लागल्या की मग राष्ट्रीय स्पर्धेचा अर्ज करा. रिकाम्या पाण्यावर राष्ट्रीय विजेता ठरला तर तो विजेताही मनातून खट्टू होतो.

सेनादलांना वगळून हे होणार नाही. आपल्याकडच्या शिडाच्या होड्या, त्या चालवणारे आणि शर्यत घेऊ शकणारे अधिकारी, यांतले बरेच नौदल आणि लष्कराच्या केंद्रांत आहेत. त्यांच्या स्वतःच्या स्पर्धांचं वेळापत्रक आधी मागवा, मगच तारीख धरा. पत्र केंद्राच्या प्रमुखाच्या नावे, निदान चार महिने आधी, आणि मागणी नेमकी: किती बोटी, किती दिवस, मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार. ‘सहकार्य मिळावे’ अशा मोघम पत्राला उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तारीख आणि पाणी

मुंबईच्या बंदरात पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात. तिथे ऑक्टोबर ते मे हाच हंगाम. धरणांच्या आणि तलावांच्या पाण्यावर याच्या उलट: जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा भरून येतो, हैदराबादला हुसेनसागरावर लेझरचा मोठा आठवडा पावसाळ्यातच भरतो. तेव्हा आधी पाणी ठरवा, मग महिना. धरणावर घ्यायची तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते आणि त्या फाइलीला वेळ लागतो.

बंदरात घेणार असाल तर पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून जास्त असतो, आणि हलक्या वाऱ्यात ओहोटी लागली की नवखी जोडी बोयकडे तोंड करून मागे मागे जाते. अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस निवडा. ओढ कमी असते. गोव्यात भरती-ओहोटीचा फरक मुंबईच्या जवळपास निम्मा, म्हणून पहिल्या मोठ्या स्पर्धेसाठी मला गोवा जास्त बरा वाटतो. शिवाय घरची मंडळी आनंदाने सोबत येतात, आणि घरचे आले की पुढच्या वर्षीची रजा सहज मंजूर होते.

बोर्डाच्या परीक्षा, गणपती आणि दिवाळीचे मुख्य दिवस टाळा. हे सांगायला कशाला हवं असं वाटेल, पण गौरीच्या दिवशी शर्यत ठेवून ‘मुली का येत नाहीत’ असं विचारणारे संयोजक मी पाहिले आहेत.

बोटी हलवायच्या की माणसं?

चेन्नईहून किंवा कोलकात्याहून बोट आणायचा खर्च एकट्या जोडीला झेपत नाही. मुंबई-पुणे-गोवा या टापूत ट्रक जमतो. चौदा फुटी आयशरच्या हौद्यात सव्वातेरा फुटांची बोट बसते. बोटी उलट्या ठेवा, मध्ये गाद्या किंवा जुने टायर घाला, दोर गनवेलवरून, म्हणजे बोटीच्या काठावरून, घ्या, तळावरून नको. डोलकाठ्या हौद्यात मावत नाहीत, त्या केबिनवरून पुढे काढून बांधा आणि टोकाला लाल फडकं लावा.

लांबून येणाऱ्यांसाठी यजमान गावात उसन्या बोटींचा ताफा उभा करा. इथेच बहुतेक स्पर्धा फसतात, कारण बरी बोट ओळखीच्याला आणि गळकी बोट पाहुण्याला मिळते. उसन्या बोटींसाठी सर्वांदेखत चिठ्ठ्या टाका आणि रोज बोट बदला. ताफ्यातल्या बोटींना शिडं एकाच वयाची द्या. नवा संच एका बोटीला देण्यापेक्षा सगळ्यांना सारखी जुनी शिडं बरी. अनामत रक्कम घ्या, आणि बोट ताब्यात देताना चारही बाजूंनी फोटो काढा. परत घेताना पुन्हा काढा. भांडणं होत नाहीत.

कागद

नोटीस ऑफ रेस, म्हणजे स्पर्धेची अधिकृत नोटीस, निदान तीन महिने आधी निघाली पाहिजे. सध्या शर्यतीचे २०२५ ते २०२८ चे नियम लागू आहेत. नोटिशीत किती शर्यती, किती झाल्या तर मालिका वैध, किती झाल्या की सर्वांत वाईट निकाल वगळायचा, उसन्या बोटींच्या अटी आणि तरंगण्याची व वजनाची तपासणी कधी, हे स्पष्ट लिहा. गुण साधे ठेवा: पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि न आलेल्या बोटीला एकूण प्रवेशिकांपेक्षा एक जास्त.

यासोबत मराठीत आणि हिंदीत एका पानाचा गोषवारा काढा: स्टार्टची वेळ, झेंडे, बोय कुठल्या हाताला ठेवायची, प्रोटेस्ट (तक्रार) कसा मांडायचा. इंग्रजी कागद तोच अधिकृत राहील. पण कोळीवाड्यातून आलेल्या पोराला वारा शिकवावा लागत नाही, त्याला हे पान लागतं. जवानांनाही लागतं. ते पान हातात असलेली मुलं मीटिंगमध्ये प्रश्न विचारतात, नसलेली मान खाली घालून बसतात.

पाण्यावर

कोर्स त्रिकोणी ठेवा. हल्ली सगळीकडे वाऱ्यावर जा आणि वाऱ्यासोबत परत या असा सरळ कोर्स लावतात. स्पिनेकरच्या बोटींना तो शोभतो. एंटरप्राइजची खरी मजा वारा बाजूने घेऊन पळण्यात, म्हणजे रीचमध्ये, आहे. दोन रीच मिळाले की मागची जोडीसुद्धा ओरडत, भिजत, हसत येते.

स्टार्ट नेहमीचा: पाच मिनिटं उरता वर्गाचा झेंडा, चार उरता पी हा तयारीचा झेंडा, एक उरता पी खाली, शून्याला वर्गाचा झेंडा खाली. मागे नवखे असतील तर काळा झेंडा किंवा यू झेंडा वापरू नका. लवकर रेषा ओलांडली म्हणून शंभर मैलांवरून आलेली जोडी शर्यतीबाहेर बसली, तर तिचा दिवस गेला. पी लावा, चुकलेल्याला परत बोलवा.

सर्वांत मोठी गोष्ट शेवटच्या बोटीची वेळ. पहिली बोट पोचल्यावर बाकीच्यांना किती मिनिटं द्यायची हे सढळ हाताने ठरवा. तेवढ्यातही कोणी न पोचलं तर ज्या क्रमाने ते शेवटच्या बोयला वळले त्या क्रमाने गुण द्यायचे, हे सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये, म्हणजे शर्यतीच्या लेखी सूचनांत, आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी दया दाखवता येत नाही, नियमात असेल तर दाखवावी लागत नाही. DNF, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’, ही तीन अक्षरं नावापुढे ओळीने लागलेली माणसं पुन्हा येत नाहीत. आणि शेवटची बोट येईपर्यंत कमिटी बोटीवरचा हॉर्न वाजवणारा माणूस जागेवरून उठणार नाही, हे त्याला बजावून ठेवा. पहिल्याला वाजतो तोच हॉर्न शेवटच्यालाही.

रेस्क्यू बोटीत एक तरी माणूस असा हवा ज्याने स्वतः एंटरप्राइज सरळ केली आहे. डोलकाठी धरून ओढणारे उत्साही लोक बोट मोडतात.

संध्याकाळी, चहा-भज्यांच्या वेळी, त्या दिवशीच्या पहिल्या जोडीला सगळ्यांसमोर बसवा आणि बोलतं करा. डोलकाठीचा कल किती ठेवला, हलक्या वाऱ्यात क्रू कुठे बसला, कुठल्या बाजूला का गेले. हे सांगणं प्रवेशाच्या अटीतच घाला. विजेते हातचं राखून ठेवतात अशी भीती वाटते, पण विचारलं की भरभरून सांगतात. दुसऱ्या दिवशी मागच्या बोटी पुढच्यांच्या जवळ दिसू लागतात, आणि मग पुढच्यांनाही शर्यत लागते.

बक्षिसं पहिल्या तिघांपुरती ठेवू नका. सर्वांत जुनी बोट, पालक आणि मूल अशी पहिली जोडी, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सर्वांत जास्त सुधारलेली जोडी, एवढी हवीतच. बोटमनचा सत्कार मात्र बक्षीस म्हणून नको, मानधन म्हणून पाकिटात द्या.

बक्षीस समारंभ संपायच्या आत

पुढच्या वर्षीची तारीख आणि जागा त्याच मंचावरून जाहीर करा, लोक पांगायच्या आधी. तिघांची नावं ठरवा: एक बोटी बघेल, एक कागद, एक फोन करेल. तिघांपेक्षा जास्त नको, जबाबदारी विरघळते. आठवड्याच्या आत निकाल, खर्चाचा हिशोब आणि अनामत रक्कम परत गेली पाहिजे. मोडतोडीची यादी त्याच दिवशी बनवा, बोटीच्या नंबरासकट, आणि बोटमनच्या हातात द्या. बंदरातल्या बोटी पावसाळ्याआधी वर निघतील तेव्हा ती यादी शेडच्या दाराला लावलेली असावी, आणि प्रत्येक नंबरापुढे दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव असावं.