जलपिसवांवरील ४८ तासांची विषारीपणा चाचणी: कोकणातील प्रयोगशाळांसाठी

आंब्याच्या बागेत फवारलेले कीटकनाशक अवकाळी पावसाने पऱ्यात (ओढ्यात) उतरले किंवा कारखान्याचे सांडपाणी नदीला मिळाले, तर मेलेले मासे सगळ्यांना दिसतात. ज्या सूक्ष्म प्राण्यांवर त्या माशांची पिल्ले वाढतात, ते मेलेले मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत जी जैविक चाचणी आहे तीही माशांचीच आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. कीटकनाशके मुळात संधिपाद प्राण्यांना मारण्यासाठीच बनवलेली असल्यामुळे, आणि कीटकांप्रमाणे जलपिसवाही संधिपादच असल्यामुळे, केवळ माशांच्या चाचणीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. म्हणून रत्नागिरी, दापोली, चिपळूण किंवा महाडच्या महाविद्यालयातील साध्या प्रयोगशाळेतही जलपिसवांवरील, म्हणजे डॅफ्नियासारख्या गोड्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवरील, अल्पकालीन चाचणी विश्वासार्ह रीतीने कशी करता येईल, ते येथे मांडत आहे.

या चाचणीची जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, २००४ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक सूचना क्रमांक २०२ होय. जन्मून २४ तास न झालेली डॅफ्नियाची पिल्ले रसायनाच्या वाढत्या संहतींच्या (पाण्यातील प्रमाणांच्या) द्रावणांत ४८ तास ठेवायची, २४ आणि ४८ तासांनी त्यांतील किती निश्चल झाली ते मोजायचे आणि निम्मी पिल्ले ज्या संहतीला निश्चल होतात ती संहती, म्हणजे ईसी-५०, काढायची, एवढाच तिचा गाभा आहे. काम सोपे दिसते. पण कोकणात ते बहुधा दोन ठिकाणी बिघडते, एक पाणी आणि दुसरे तापमान.

पाण्यापासून सुरुवात करू. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी साधारणतः मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, तर या चाचणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या डॅफ्निया मॅग्ना या जातीसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला १४० ते २५० मिलिग्रॅम कठीणता आणि ६ ते ९ दरम्यानचा सामू लागतो. मृदू पाण्यात तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू अधिक विषारी ठरतात. त्यामुळे विहिरीचे पाणी तसेच वापरले, तर मिळालेला आकडा रसायनाचा किती आणि पाण्याचा किती हे सांगता येत नाही. खाडीलगतच्या विहिरींत उन्हाळ्यात क्षार वाढतात, आणि पावसाळ्यात ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या विहिरीतील उरलेला क्लोरीन तर अगदी अल्प प्रमाणातही जलपिसवांना मारतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात चार क्षार मिसळून चाचणीचे पाणी स्वतः तयार करणे. एक लिटर पाण्यात २९४ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (दोन रेणू स्फटिकजल असलेले), १२३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू स्फटिकजल असलेले), ६५ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि ६ मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातले, की सुमारे २५० मिलिग्रॅम कठीणतेचे पाणी मिळते. हे पाणी वापरण्यापूर्वी त्यात हवा सोडून ते ऑक्सिजनने संपृक्त करून घ्यावे. चाचणी सुरू झाल्यावर मात्र हवा सोडायची नाही आणि सामूही दुरुस्त करायचा नाही.

तापमानाचा प्रश्न याहून अवघड आहे. सूचनेनुसार तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणि एकाच चाचणीत एका अंशापेक्षा अधिक न हलणारे हवे. किनाऱ्यावरच्या खोलीत ते वातानुकूलन किंवा थंड इन्क्युबेटर असल्याशिवाय साधत नाही, आणि लाईट गेली की दोन तासांत सारे बिघडते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टरवर चालणारा इन्क्युबेटर नाही, त्यांनी डॅफ्निया मॅग्नाचा आग्रह सोडून मोइना मायक्रूरा ही लहान जलपिसू किंवा सेरिओडॅफ्निया या दुसऱ्या जलपिसवेची एखादी उष्ण प्रदेशातील जात घ्यावी आणि २७-२८ अंशांना चाचणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा निकाल ओईसीडीच्या पद्धतीनुसार आहे असे म्हणता येणार नाही, पण इथल्या पाण्यात जगणाऱ्या प्राण्याविषयी तो अधिक सांगेल. मोइना आकाराने लहान आणि वाढीला झपाट्याची असल्याने उष्ण पाण्यात दोन दिवस उपाशी राहणे तिला जड जाते. म्हणून आधी रसायनाशिवाय केवळ स्वच्छ पाण्यात ४८ तासांची एक फेरी करून पाहावी; दहा टक्क्यांहून अधिक पिल्ले निश्चल झाली, तर चाचणी २४ तासांचीच ठेवावी आणि अहवालात तसे लिहावे.

संवर्धन हा कंटाळवाणा वाटणारा भाग आहे, पण चाचणीचे यश त्यावरच ठरते. धडधाकट संवर्धनात केवळ माद्या असतात आणि त्या नराशिवाय पिल्ले देतात. पाठीवर काळपट खोगीर (सुप्त अंड्यांचे आवरण) असलेल्या माद्या किंवा नर दिसू लागले, की गर्दी, उपासमार किंवा तापमानाचा ताण आला असे समजावे आणि त्या भांड्यातील पिल्ले चाचणीसाठी घेऊ नयेत. खाद्य म्हणून क्लोरेलासारखे हिरवे शैवाल उत्तम. यीस्टवरही काम भागते, पण ते थोडे जास्त झाले तरी पाणी नासते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोटात पिल्ले दिसणाऱ्या माद्या गाळणीने वेगळ्या करून ताज्या पाण्यात सोडाव्यात, म्हणजे सकाळी भांड्यात सापडणारी पिल्ले २४ तासांच्या आतलीच असतात. मादीची पहिली वीण शक्यतो वगळावी.

पिल्ले उचलण्यासाठी पिपेटचे तोंड रुंद हवे. त्यासाठी काचेच्या पिपेटचे निमुळते टोक कापून कडा ज्योतीवर गुळगुळीत करून घ्यावी. पिपेटमधले पिल्लू वरून थेंबात टाकायचे नाही. टोक पाण्यात बुडवून हळूच सोडायचे. वरून टाकले तर कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू पृष्ठभागावर आडवे तरंगत राहते आणि दुसऱ्या दिवशी ते रसायनाने निश्चल झाले की हवेने, हे ओळखता येत नाही.

आता संहती ठरवायच्या. आधी दहापटींच्या अंतराने, उदाहरणार्थ ०.१, १, १० आणि १०० मिलिग्रॅम प्रति लिटर, अशी चाचपणीची फेरी करून परिणामाचा पल्ला शोधावा. १०० मिलिग्रॅमलाही काहीच झाले नाही, तर ती एकच संहती आणि कंट्रोल (रसायन न घातलेले भांडे) घेऊन मर्यादा चाचणी पुरते. मुख्य चाचणीत किमान पाच संहती घ्याव्यात आणि प्रत्येक पुढची संहती आधीच्या २.२ पटींहून अधिक नसावी. प्रत्येक संहतीला आणि कंट्रोलला किमान वीस पिल्ले लागतात. ती पाच-पाचच्या चार भांड्यांत विभागावीत आणि दर पिल्लामागे निदान दोन मिलिलिटर द्रावण ठेवावे. पाण्यात न विरघळणाऱ्या रसायनासाठी विद्रावक वापरावाच लागला, तर तो लिटरला १०० मिलिग्रॅमहून अधिक नसावा आणि त्या विद्रावकाचे वेगळे कंट्रोल ठेवावे. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशके भांड्याच्या भिंतींना चिकटतात. त्यांच्यासाठी प्लास्टिक अजिबात नको. काचेचे भांडे आधी त्याच द्रावणाने विसळून घ्यावे आणि निदान सर्वांत कमी व सर्वांत जास्त द्रावणाची सुरुवातीची व शेवटची संहती मोजून घ्यावी. मोजलेली संहती ठरवलेल्या संहतीपासून २० टक्क्यांहून अधिक ढळली, तर गणित मोजलेल्या आकड्यांवरच करावे.

भांडी झाकून ठेवावीत, पिल्लांना खाद्य देऊ नये. निरीक्षणाच्या वेळी भांडे काळ्या कागदावर ठेवून बाजूने उजेड द्यावा, ते हलकेच फिरवावे आणि १५ सेकंद थांबावे. तेवढ्यात जे पिल्लू पोहत नाही ते निश्चल. त्याच्या स्पर्शिका किंचित हलत असल्या तरी त्याला निश्चलच धरायचे. नवख्याचा हात येथेच अडखळतो, कारण जीव आहे असे दिसत असताना ते निश्चलांत मोजणे मनाला पटत नाही. परंतु पोहू न शकणारी जलपिसू तळ्यात खाऊही शकत नाही आणि सुटूही शकत नाही. शक्य असल्यास मोजणाऱ्याला भांड्यातील संहती माहीत नसावी, म्हणून भांड्यांवर केवळ क्रमांक घालावेत.

कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांहून अधिक पिल्ले निश्चल झाली किंवा शेवटी एखाद्या भांड्यातील विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर बाकीचे आकडे कितीही नीटस दिसले तरी ती चाचणी बाद करावी. संवर्धनाची संवेदनशीलता तपासण्यासाठी अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेटची चाचणी घ्यावी. डॅफ्निया मॅग्नासाठी त्याची २४ तासांची ईसी-५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान यायला हवी. हे रसायन कर्करोगकारक आहे, हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

गणितासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १, २, ४, ८ आणि १६ मिलिग्रॅम प्रति लिटर या संहतींना वीसपैकी अनुक्रमे ०, २, ९, १७ आणि २० पिल्ले निश्चल झाली. निम्मी पिल्ले ४ आणि ८ च्या दरम्यान निश्चल होतात. लॉगॅरिदमिक कागदावर या दोन बिंदूंना जोडणारी रेषा ५० टक्क्यांना सुमारे ४.४ मिलिग्रॅमवर छेदते, आणि सर्व बिंदूंची भारित सरासरी काढणाऱ्या स्पिअरमन-कार्बर या संख्याशास्त्रीय पद्धतीने उत्तर ४.३ येते. दोन पद्धतींचे उत्तर इतके जवळ आले, तर आकडेवारी सुसंगत आहे असे मानावे. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणात (जीएचएस) ईसी-५० लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असल्यास पहिला, १० पर्यंत दुसरा आणि १०० पर्यंत तिसरा तीव्र धोक्याचा वर्ग असल्याने हे रसायन दुसऱ्या वर्गात बसते.

हा वर्ग पाहून निर्धास्त होण्यापूर्वी इमिडाक्लोप्रिडकडे पाहावे. तुडतुड्यांसाठी वापरले जाणारे हे कीटकनाशक डॅफ्निया मॅग्नावर तपासले तर ४८ तासांची ईसी-५० लिटरला ८५ मिलिग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे ते जवळपास निरुपद्रवी वाटते. परंतु पऱ्यातील दगडांखाली राहणारी मेफ्लाय या कीटकाची पिल्ले आणि चिखलातील कायरोनोमस या न चावणाऱ्या डासासारख्या माशीच्या अळ्या लिटरला काही मायक्रोग्रॅम ते काही दहा मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातच निश्चल होतात. म्हणून बागेतील कीटकनाशकासाठी केवळ जलपिसवांची चाचणी पुरेशी मानू नये. कायरोनोमसच्या पहिल्या अवस्थेतील अळ्यांवर ओईसीडीच्या २०११ च्या सूचना क्रमांक २३५ प्रमाणे ४८ तासांची चाचणी जोडीला करावी.

सावित्री, वाशिष्ठी किंवा कुंडलिका या नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासायचे असतील, तर भरतीचे पाणी पोहोचते त्याच्या वरच्या बाजूनेच ते घ्यावेत आणि घेतानाच विद्युतवाहकता मोजावी. खारट नमुन्यात गोड्या पाण्यातील प्राणी क्षारानेच मरतो, त्या नमुन्यासाठी खाऱ्या पाण्यातील प्राणी घ्यावा लागतो. अहवालात प्राण्याची जात, पाण्याची कठीणता, सामू, तापमान, ऑक्सिजन, प्रत्येक भांड्यातील मोजणी आणि ईसी-५० ची ९५ टक्के विश्वास-मर्यादा (उत्तर किती अनिश्चित आहे ते दाखवणारा पल्ला), हे सारे द्यावे. चाचणी संपल्यावर द्रावणे मोरीत किंवा व्हाळात ओतू नयेत. डायक्रोमेट आणि कीटकनाशकांची द्रावणे वेगवेगळ्या लेबल लावलेल्या बाटल्यांत साठवून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावीत, आणि बाहेरून आणलेले संवर्धन कोणत्याही परिस्थितीत गावच्या तळ्यात सोडू नये.