हेडलाइटचं काम शिकताय? मीटरवरच्या बारा व्होल्टांवर विसंबू नका

बल्ब बदलायचं काम गिऱ्हाईक आता घरीच करून येतं. तुमच्याकडे जी गाडी येते, ती नवा बल्ब घालूनही मंद पेटणारी असते, आणि टू-व्हीलर इलेक्ट्रिकचं खरं काम तिथनं पुढं सुरू होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शाहूपुरीत किंवा गावाकडं फाट्यावरच्या गॅरेजात जी पोरं नुकतीच हाताखाली लागलीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाना-पक्कड धरता येते, प्लस-मायनस कळतं, मीटरच्या पिना कुठं खोचायच्या हे ठाऊक आहे, एवढं गृहीत धरतो.

हे काम हलकं समजू नका. ऊस हंगाम सुरू झाला की आपल्याकडं रात्रभर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. राधानगरी रोडनं पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला ती ट्रॉली वेळेत दिसते की नाही, हे तुम्ही साफ केलेल्या एका टर्मिनलवर ठरू शकतं.

गाडीला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हिचा हेडलाइट एसीवर चालतो की बॅटरीवर? जुन्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत करंट मॅग्नेट कॉइलकडून रेग्युलेटरमार्गे थेट हेडलाइटला जातो. इंजिन बंद तर लाइट बंद, आणि रेस दिली की उजेड वाढतो. तिथं कमी रेसवर उजेड कमी असणं हा बिघाड नव्हे, ती गाडी तशीच बनवलेली आहे. त्यात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना एएचओ (हेडलाइट आपोआप चालू राहणं) सक्तीचं झालं, हेडलाइटचा ऑन-ऑफ स्विच गेला, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू झाल्याशिवाय लाइट लागतच नाही. इंजिन बंद ठेवून ‘सप्लायच येईना’ म्हणत वायरिंगची टेप सोलत बसलेली पोरं मी बघितलीत. एसी गाडीवर मीटरही एसी व्होल्टवरच लावायचा.

आता जिथं मी सगळ्यात जास्त अडकलो होतो ते सांगतो. हा भाग दोनदा वाचा.

हेडलाइट मंद आहे. तुम्ही होल्डर बल्बमधून काढता, लाल पिन लो बीमच्या टर्मिनलला लावता, काळी चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. मीटर 12.4 दाखवतो. आपण म्हणतो, सप्लाय बरोबर आहे, वायर चांगली आहे. मग बल्ब बदलतो, तरी मंद. मग बॅटरी, मग स्विच, मग आर-आर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर). गिऱ्हाइकाचे पैसे गेले, लाइट तसाच. माझं बरेच महिने असंच चाललं होतं. रात्री डोळे मिटले की वायरींचे रंग दिसायचे, आणि हे काम आपल्याला जमायचं नाही असं वाटायचं. शेवटी वस्ताद एवढंच म्हणाले, “बल्ब लाव की आधी. लोड नसताना काय मोजाय लागलायस?”

त्या मोजणीत एकाच वेळी दोन गोष्टी फसवतात. पहिली ही, की बल्ब काढलेला असताना वायरीतून करंट वाहतच नाही. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे मीटर जेमतेम एका अँपिअरचा दहा लाखावा भाग एवढाच करंट खेचतो. उलट 35 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर जवळपास 2.9 अँपिअर खेचतो. वाटेत कुठंतरी गंजलेला, हिरवा पडलेला जोड असेल तर मीटरच्या त्या एवढ्याशा करंटला तो अडवत नाही, बल्बच्या करंटला मात्र अडवतो. उसाला पाणी देणाऱ्या पाइपात गाळ अडकलेला असला, तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत प्रेशर पूर्णच दिसतं. व्हॉल्व्ह उघडला की सरीत धार येत नाही. अगदी तसंच.

आकड्यात सांगतो, म्हणजे पटेल. पेटलेल्या 35 वॅट बल्बचा रेझिस्टन्स सुमारे 4 ओहम. वाटेतल्या एका खराब जोडाचा फक्त 1 ओहम धरा. बल्ब पेटला की त्या जोडावर साधारण अडीच व्होल्ट खाल्ले जातात आणि बल्बला उरतात साडेनऊ. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं घसरतो, त्यामुळं साडेनऊ व्होल्टवर तो निम्म्याच्याही खाली येतो. बल्ब काढून मोजलंत तर हाच जोड तुम्हाला पूर्ण बारा व्होल्ट दाखवेल.

दुसरी गोष्ट, काळी पिन चेसीला लावली की होल्डरची अर्थ वायर (करंट मायनसकडं परत नेणारी) तपासलीच जात नाही. बल्बचा करंट चेसीतनं परत जात नाही, तो होल्डरच्या अर्थ टर्मिनलमधून, त्या वायरीतून, तिच्या जोडांमधून जातो. बिघाड बऱ्याच वेळा तिथंच असतो.

आणि कंटिन्युइटीची, म्हणजे वायर सलग आहे का हे बघायची मीटरची बीप तर याहून जास्त फसवते. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर बीप देतो. बीपचा अर्थ एवढाच, की वाट पूर्ण तुटलेली नाही. ती वाट तीन अँपिअर नेऊ शकते का, हे बीप सांगत नाही.

म्हणून पद्धत अशी. बल्ब जागेवर, होल्डर लावलेला, लाइट चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी होल्डरच्या मागून बारीक पिन सरकवून अर्थ टर्मिनलला. 0.2 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगला. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून होल्डरच्या पेटत्या बीमच्या टर्मिनलपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. जास्त असेल तर फ्यूज, इग्निशन स्विच, हँडलवरचा स्विच, कपलर (वायरी जोडणारा प्लग) अशी एकेक जागा पुढं सरकत मोजत या. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो, बिघाड त्यांच्यामध्ये. एसी गाडीवर प्लसच्या बाजूनं रेग्युलेटरच्या लायटिंग वायरीपासून मोजायचं, एसी रेंजवर, आणि रेस एकसारखी धरायला जोडीदार घ्यायचा. वायरीच्या इन्सुलेशनला पिन टोचू नका. त्या भोकातनं पाणी जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प करा: ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि क्लिपा. तो स्वतः पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळं कमकुवत वाट त्याच्यापुढं टिकत नाही. माझं ठाम मत आहे की शिकाऊ पोरानं महागड्या मीटरआधी हा दिवा बनवावा. मात्र 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शन गाड्यांवर ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) आणि सेन्सरच्या वायरींना तो कधीही लावायचा नाही. तिथं नुकसान मोठं होतं आणि भरपाई तुमच्या पगारातनं कापली जाते.

काही लक्षणं मीटर काढायच्या आधीच बोलतात. लो बीमवर असताना कन्सोलमधला हाय बीमचा निळा दिवा मिणमिणत असेल तर होल्डरचा अर्थ गेलाय असं जवळजवळ नक्की समजा. परतीची वाट बंद झाली की करंट लो फिलामेंटमधून हाय फिलामेंटमध्ये उलटा शिरतो आणि त्या निळ्या दिव्यामार्गे अर्थ शोधतो. हाय लागत नाही पण पास बटण दाबल्यावर लागतो, तर डीसी गाड्यांत बहुधा बल्ब चांगला असतो, अप्पर-डिप्पर स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात. हँडल वळवल्यावर लाइट जातो-येतो, तर स्टेअरिंगच्या गळ्यापाशी वायर आतनं तुटलीय. तिथं वायर हलकेच ओढून बघा, तांबं तुटलेल्या जागी इन्सुलेशन ताणलं जातं. बल्ब वारंवार उडत असतील तर बॅटरीवर चार्जिंग मोजा. मध्यम रेसवर साडेतेराच्या वर ते साडेचौदापर्यंत ठीक, सोळाच्या पुढं गेलं तर रेग्युलेटर गेला.

रंगांचं पाठांतर थोडं उपयोगी पडतं. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी अर्थ, निळी हाय, पांढरी लो. यामाहात अर्थ काळी. पण सेकंडहँड गाडीत आधीच्या मिस्त्रीनं कुठली वायर कुठं जोडलीय हे रंगावर ठरवू नका.

कोल्हापुरात एक वेगळा त्रास आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, सुतारवाड्यापासून नदीकाठच्या गावांपर्यंत गाड्या पाण्यात होत्या. इंजिन उघडून साफ केलं, तेल बदललं, गाडी चालू झाली, पण हेडलाइटच्या डोममधले कपलर कुणी उघडले नाहीत. आत गाळ वाळला आणि गंज हळूहळू पसरत गेला. गाडी पुरात होती का, हे मालकाला विचारायला लाजू नका. गगनबावड्याकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाड्यांचंही तसंच, आणि प्रेशर वॉशिंगचा फवारा थेट डोमवर मारणाऱ्यांमुळं तर उन्हाळ्यातही कपलरात पाणी सापडतं. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, सैल टर्मिनल बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं आवळा, आणि जळून तपकिरी झालेला होल्डर सरळ बदला. वितळलेल्या होल्डरला टेप लावून गाडी देऊ नका. कुणीही सांगितलं तरी देऊ नका.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा तार टाकणं, हे ज्या गॅरेजात चालतं तिथं काम शिकू नका. 100/90 वॅटचा बल्ब 35 वॅटच्या वायरिंगवर लावला की सव्वाआठ अँपिअर त्याच बारीक वायरीतून जातात. आधी स्विच जळतो, मग होल्डर. बाजारातले एलईडी बल्ब एसी गाडीत लुकलुकतात, आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा फोकस बसत नसल्यानं समोरच्याचे डोळे दिपतात. रिलेची वायरिंग (हेडलाइटला बॅटरीतून थेट करंट, स्विच फक्त रिले चालवतो) चांगलीच आहे, डीसी गाडीला मी ती आनंदानं करतो, पण अर्थ दुरुस्त न करता रिले टाकणं म्हणजे दुखणं झाकणं. व्हिडिओ जरूर बघा, फक्त व्हिडिओत बिघाड कुठं आहे हे सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, शोधायची वाट त्यात फारशी दिसत नाही. आणि जो वस्ताद नुसतं ‘बघून शीक’ म्हणतो, का हे कधीच सांगत नाही, त्याच्याकडं वर्षापेक्षा जास्त थांबू नका.

सुरुवातीला एका मंद हेडलाइटला अर्धा दिवस गेला तरी घाबरू नका. मोजत मोजत पुढं सरकलात तर बिघाड सापडतोच, त्याला पळून जायला जागा नाही. वेग नंतर येतो. ज्यांना पहिल्याच महिन्यात वेग असतो ते बहुतेक अंदाजानं पार्ट बदलत असतात.

राहिला पैशाचा प्रश्न. अर्थ साफ केला, एक टर्मिनल बदललं, लाइट लख्ख झाला, की मालक विचारणारच, “पार्ट तर काय घातला नाहीस, मग एवढं कशाचं?” यावर वाद घालू नका. काम सुरू करतानाच त्यांना जवळ बोलवा, लाइट चालू ठेवून अर्थवरची घट दाखवा, आणि आकडा जॉबकार्डवर लिहा. काम झाल्यावर त्याच दोन जागांवर पुन्हा मोजा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, अप्पर-डिप्पर मारून तो आकडा हलत नाही हे त्यांच्या डोळ्यांपुढं दाखवा, आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. मजुरी त्या दोन आकड्यांची घ्या, आणि पूर्ण घ्या.