काजव्यांचे फोटो काढायला निघायच्या आधी एवढं वाचा

मंडळी, यंदाची भंडारदऱ्याची काजव्यांची ट्रिप शनिवार-रविवारी नाही, मधल्या वारी ठेवलीय, अमावस्येच्या जवळपास. सुट्टी टाकावी लागेल, मान्य, पण वीकेंडला शेंडी गावापासून पुढं गाड्यांची नुसती रांग असते आणि हेडलाइटच्या झोतात काजवे डोळ्यालाच दिसत नाहीत तिथं कॅमेऱ्याला काय डोंबल दिसणार. सीझनही केवढासा, मे संपता संपता सुरू होतो आणि जूनमध्ये पाऊस एकदा दणकून लागला की खेळ खल्लास.

आता मुद्द्याचं. फोटो रात्रीचा असला तरी निम्मं काम दिवसाउजेडी करायचं. सहापर्यंत जागेवर पोचा, झाड हेरा, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, यातलं काहीही चालेल पण फांद्यांमागं थोडं आभाळ दिसलं पाहिजे. गाववाल्यांना विचारा, काल कुठल्या झाडाला लागले होते ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. मग ट्रायपॉड घट्ट रोवा, त्याच झाडावर फोकस घ्या, लगेच फोकस मॅन्युअलला टाका (म्हणजे कॅमेरा तो आपोआप बदलणार नाही) आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी. हे मी कळकळीनं सांगतोय कारण मागच्या वर्षी मी मॅन्युअलला टाकायचं विसरलो, अंधारात शटर दाबलं तशी लेन्स घुर्र करत कुठंतरी सरकली, मग घाईनं स्विच फिरवला आणि वाटलं झालं काम, घरी येऊन बघतो तर १४० फ्रेममध्ये काजव्यांऐवजी फोकस गेलेले हिरवट बत्तासे 😭

सव्वासात ते साडेसात, आभाळात निळसर उजेड असताना, झाडाची आणि डोंगराची एक स्वच्छ फ्रेम घेऊन ठेवा. ही बेस. यानंतर ट्रायपॉडला हात लावायचा नाही, पाय तर अजिबात नाही.

अंधार पडला की अॅपर्चर एफ २.८ (नसेल तर लेन्स उघडेल तेवढी), आयएसओ १६००, शटर २० सेकंद, फाइल रॉ. इंटर्व्हलोमीटरवर (ठरावीक वेळानं आपोआप शटर दाबणारं यंत्र) दोन फ्रेममध्ये एकच सेकंद ठेवा आणि तासभर चालू द्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारं सेटिंग) बंद करा हं, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ गप्प बसतो आणि निम्मे काजवे हुकतात. एकच दहा मिनिटांची फ्रेम का नको असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. तर मधेच कोणी टॉर्च मारला की अख्खी दहा मिनिटं पाण्यात, २० सेकंदांची असेल तर तेवढी एक फेकून द्यायची. घरी येऊन बेसवर सगळ्या फ्रेम लाइटन मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी जास्त उजळ तेच उरतं) चढवा, फोटोशॉपमध्ये होतं, स्टारस्टॅक्सही चालतं आणि ते फुकट आहे. मोबाइलवाल्यांनी प्रो मोड आणि छोटा ट्रायपॉड आणा, अगदीच वाईट येत नाही.

आपल्या स्पर्धेत यावेळी असा फोटो दिला तर तो किती फ्रेमचा स्टॅक आहे, म्हणजे किती फ्रेम एकावर एक चढवल्यात, ते लिहायचंय. झाडावर एकाच वेळी एवढे ठिपके कोणाला दिसत नाहीत, आणि मागं एकानं सिंगल शॉट म्हणून ठोकून दिलं होतं, त्यावरून काय वाजलं ते आठवत असेलच.

बाकी टॉर्च, फ्लॅश, मोबाइलची स्क्रीन, सगळं बंद. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावरही काळी टेप. काजवे लुकलुकतात ते जोडीदारासाठी, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचे सिग्नल दिसत नाहीत आणि जोड्या जमायच्या राहतात, म्हणजे पुढच्या पिढीचंच नुकसान. पायवाट सोडून गवतात शिरू नका, माद्या खाली झुडपांत असतात आणि अळ्या जमिनीवर गोगलगायी शोधत फिरतात. मुठीत काजवा धरून सेल्फी काढताना कोणी दिसला तर पुढच्या ट्रिपला नाव कट. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, नाक्यावर पावती फाडायचीच आणि वनरक्षक निघा म्हणाले की मुकाट निघायचं.

हवा दमट असते, लेन्सवर बाष्प धरतं, मऊ कापड खिशात असू द्या. दर पंधरा मिनिटांनी काचेकडे एक नजर, पण ट्रायपॉड न हलवता. जेवण रतनवाडीत सांगितलंय, पिठलं-भाकरी आणि ठेचा. गाडीत ट्रायपॉडसकट सहाच माणसं मावतात, त्यामुळं नावं या आठवड्यात कळवा.