जुने रिमफायर टार्गेट पिस्तूल घेताना आणि वापरताना या चुका टाळा

नेमबाजीत काही वर्षे रमलेल्या माणसाला कधी ना कधी जुन्या पॉइंट टू टू (.22 इंच कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास) टार्गेट पिस्तुलाची ओढ लागतेच. हॅमर्ली 208, वाल्थर जीएसपी किंवा 1957 मध्ये बाजारात आलेले स्मिथ अँड वेसनचे मॉडेल 41 किती निगुतीने घडवले आहे, हे चाप एकदा ओढून पाहिल्यावरच उमगते. अशी पिस्तुले वयामुळे क्वचितच निकामी होतात. कागदपत्रांतली घाई, चुकीची काडतुसे आणि मालकाने हौसेने केलेल्या सुधारणा यांमुळे त्यांची आणि घेणाऱ्याची जास्त हानी होते.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘जुने आहे, मग परवाना कशाला’ हा समज. शस्त्र अधिनियम, 1959 मधील सूट कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या, पण अग्निशस्त्र म्हणून वापरताच न येणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. गोळी झाडू शकणारे पिस्तूल कितीही जुने असले तरी त्याला परवाना लागतोच. नाशिक शहराच्या हद्दीत त्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो, तर सिन्नर, निफाड किंवा इगतपुरीकडच्या नेमबाजाला जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, म्हणून तिसरे पसंत करण्याआधी खेळाडूंसाठीच्या सवलतीत आपण बसतो का, याची खात्री करावी. विकणाऱ्यानेही जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यानंतर 45 दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. ‘चार दिवस घरी नेऊन पाहा’ असे कितीही आपुलकीने सांगितले गेले, तरी ते पिस्तूल तोवर त्याच्याच ताब्यात राहू द्यावे. फ्रेमवरचा क्रमांक परवान्यावरील नोंदीशी स्वतः ताडून पाहिल्याशिवाय बयाणाही देऊ नये.

पिस्तूल पाहताना नवखा खरेदीदार वरच्या निळ्या झिलईवर भुलतो. खरी परीक्षा चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, तोंडाशी होते. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण कडेच्या पोकळ वळीत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आघात करते. चेंबर रिकामे ठेवून वारंवार चाप ओढला असेल, तर बऱ्याच जुन्या मॉडेलांत ती पिन चेंबरच्या काठावर आपटत राहते. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, बारीक विजेरीच्या उजेडात काठ न्याहाळावा. पिन जिथे आपटते नेमका तिथे इवलासा खळगा आणि आतल्या बाजूला वळलेली धातूची कड दिसली, तर काडतूस अडखळत बसण्याचे आणि रिकामी पुंगळी अडकण्याचे कारण तिथेच आहे. परवानाधारक गनस्मिथ हा दोष दुरुस्त करू शकतो, परंतु किंमत ठरवताना तो हिशेबात धरलाच पाहिजे. घरच्या कोरड्या, म्हणजे गोळीविना केलेल्या, सरावासाठी डमी काडतूस वापरावे.

कॅलिबर न वाचता सौदा करणे ही दुसरी मोठी चूक आहे. जुन्या रॅपिड फायर प्रकारातील अनेक उत्कृष्ट पिस्तुले पॉइंट टू टू शॉर्ट या आखूड काडतुसासाठी बनवलेली आहेत. 2005 च्या नियमबदलानंतर त्या प्रकारातही लाँग रायफल हे लांब काडतूस आले आणि शॉर्टची मागणी आटली. त्यामुळे असे पिस्तूल स्वस्तात मिळाले तरी त्याचा खुराक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. लाँग रायफलचे पिस्तूल असले, तरी त्यात हाय व्हेलॉसिटी काडतुसे घालू नयेत. या यंत्रणा स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी जुळवलेल्या असतात, आणि जादा वेगाने मागे आदळणारी स्लाइड किंवा बोल्ट थकलेल्या स्प्रिंगला व बफरला दाद न देता थेट फ्रेमवर मार देतो. ‘पिस्तूल जुने म्हणून अडते’ ही तक्रार पुष्कळदा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांमुळे असते. म्हणून सौद्यात मूळ मॅगझिने किती मिळतात, हे आवर्जून विचारावे.

चाप हलका करून घेण्याचा मोह मात्र निग्रहाने आवरावा. 25 मीटर स्पोर्ट आणि स्टँडर्ड पिस्तूल प्रकारांत चापाचे वजन किमान 1000 ग्रॅम लागते. आधीच्या मालकाने आतले भाग घासून ते कमी केले असेल, तर स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल बाद होतेच, शिवाय एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याचा धोका उभा राहतो. वरळीच्या किंवा बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर जाण्याआधी वजन अडकवून खात्री करून घ्यावी. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत केसाइतक्या मापात काम करणारे टर्नर आहेत, हे खरे. तरीही अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा सुटा भाग तयार करण्यासाठी कायद्याने वेगळा परवाना लागतो, म्हणून तिकडे शस्त्र नेऊ नये. लाकडी ग्रिप हाताला बसत नसेल तर सुताराकडे केवळ माप आणि ग्रिप न्यावी, पिस्तूल कुलपातच राहावे.

अडथळ्यांची चिकित्सा पुंगळीपासून सुरू करावी. कडेवर पिनचा ठसा उथळ असेल, तर पिनच्या खोबणीत साचलेले तेल, झिजलेली पिन किंवा मरगळलेली स्प्रिंग तपासावी. गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच काडतूस काढावे. रिमफायर गोळीवरचे मेण आणि काजळी मिळून पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्सट्रॅक्टरच्या आकड्याखाली राखाडी चिकटा धरतो. तो लाकडी टूथपिकने अलगद खरवडता येतो. निफाडकडच्या थंडीत पहाटे स्लाइड जडावली, तर घट्ट ग्रीसऐवजी पातळ तेलाचा हलका हात पुरतो. पावसाळ्यात स्पंजच्या पेटीत किंवा चामड्याच्या म्यानात पिस्तूल कधीही साठवू नये, कारण दोन्ही ओल धरून ठेवतात आणि गंज ग्रिपखाली, नजरेआड सुरू होतो. कुलूपबंद कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि दर पंधरवड्याला ग्रिप काढून फ्रेम पुसावी.

पिस्तूल हाती आल्यावर लगेच स्पर्धेची घाई करू नये. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या दोन-तीन वेगवेगळ्या काडतुसांनी, आधार देऊन, 25 मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट घ्यावेत आणि प्रत्येक लक्ष्यपत्रावर काडतुसाचे नाव लिहून ते जपून ठेवावे. पुढे एखाद्या दिवशी गट अचानक फाकला, तर आधी मागच्या साइटचा स्क्रू आणि ग्रिपचा स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे, मग त्याच काडतुसाचे जुने लक्ष्यपत्र शेजारी ठेवून तुलना करावी.