चीक आणि खरवस: या चुका टाळा

आजूबाजूला कुठं गाय व्याली की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. "काकू, खरवस पातळच राहिला." "काकू, गॅसवर ठेवला आणि फाटला." गेली वीस-बावीस वर्षं आमच्या गोठ्यातला चीक शेजारीपाजारी देतेय आणि तेवढीच वर्षं त्याच त्या चुका ऐकतेय. म्हणून आज सगळं एकदाच लिहिते.

चीक कितव्या धारेचा, हे न विचारणं

सगळ्यात जास्त खरवस इथंच बिघडतात. "एक वाटी चीक, एक वाटी दूध" हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, पण चीक कधी काढलाय ते कुणी विचारत नाही. गाय व्यायल्यावर पहिल्या धारेत प्रथिनं साधारण 14 टक्के असतात. दुसऱ्या वेळी पिळताना ती 8 टक्क्यांच्या आसपास येतात, तिसऱ्या वेळी 5 टक्क्यांच्या. साध्या दुधात ती तीन-साडेतीन टक्केच. चिकातली बरीचशी प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी नुसत्या उष्णतेनं घट्ट होणारी असतात. विरजण नाही, काही नाही, तरी खरवसाच्या वड्या पडतात त्या यांच्या जोरावर. ती कमी झाली की वाफेनं काय घट्ट करायचं?

पुतणीच्या डोहाळजेवणाला मीच ही चूक केली. आमची गाय तेव्हा गाभण होती, म्हणून ओळखीच्या एकांकडून चार लिटर चीक आणला. रंग पिवळसर होता, मी पहिल्या दिवसाचाच धरला आणि बरोबरीनं दूध घातलं. पंचवीस-तीस माणसं यायची होती. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर डब्यात गरम दूध आणि त्यात पांढरे कण. पुन्हा अर्धा तास ठेवला. कण खाली बसले, वर हिरवट पाणी आलं. मग फोन करून विचारलं तेव्हा कळलं, चीक तिसऱ्या दिवशीचा होता. शेवटी सगळं मोठ्या कढईत ओतून आटवलं आणि रवाळ बर्फी थापली. त्यात दुपार गेली आणि पुतणीनं हौसेनं मागितलेला खरवस काही तिला मिळाला नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून कितीही घाई असली तरी आधी एक छोटी वाटी वाफवून बघते. दहा मिनिटं लागतात. सुरी घातल्यावर स्वच्छ कापली गेली की मगच मोठा डबा चढवायचा. दगडासारखी झाली तर दूध वाढवायचं, लिबलिबीत राहिली तर आणखी चीक घालायचा. अंदाजासाठी म्हणाल तर पहिल्या दिवसाच्या चिकाला बरोबरीनं किंवा दीडपट दूध, दुसऱ्या दिवसाच्याला पाव ते अर्धपट, तिसऱ्या दिवसाच्यात थेंबभरही नाही. पण माझा विश्वास वाटीवर आहे, प्रमाणावर नाही. "काकू, नुसतं माप सांगा" म्हणणाऱ्यांना मी माप सांगतच नाही.

बाकीच्या किरकोळ चुका

चीक दुधासारखा थेट आचेवर तापवू नका, फाटणारच.

गूळ गरम दुधात विरघळवू नका. गार दुधात विरघळवा आणि गाळून घ्या, नाहीतर तळाशी खडे येतात.

कुकरची शिटी काढून ठेवा आणि आच मंद ठेवा. मोठ्या आचेवर खरवसाला जाळी पडते, पाणी सुटतं आणि तो रबरासारखा होतो. डब्यावर ताटली हवीच, वाफेचं पाणी आत ठिबकायला नको.

गरम असताना वड्या पाडू नका. हे सांगूनही निम्मे लोक पाडतातच.

दुधाची पावडर, कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास घालून केलेला "झटपट खरवस" गोड म्हणून खुशाल खा. त्यात चीक नसतो, तेव्हा चिकाचे गुण त्याला चिकटवू नका.

कच्चा चीक पिणं

याचा मला खरोखर राग येतो. हल्ली व्यायाम करणारी पोरं गोठ्यावर येतात आणि "काकू, कच्चाच द्या, उकळल्यावर ताकद जाते" म्हणतात. माझा एक मावसभाऊ असाच हट्टानं पेलाभर कच्चा चीक प्यायला. काही आठवड्यांनी त्याला ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. कंबर अशी धरली की खाली बसता येईना. साध्या तापाची औषधं घेण्यात महिना गेला. गोठ्यात जातोस का, कच्चं दूध प्यायलास का, हे एका डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुठं रक्ताची योग्य तपासणी झाली. ब्रुसेलोसिस निघाला. सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. त्याचा जंतू ब्रुसेला जनावरात गाभ पाडतो आणि कच्च्या दुधातून, चिकातून माणसात येतो. क्षय आणि साल्मोनेलाही याच वाटेनं येतात. नीट वाफवलं की हे जंतू मरतात.

आणि ज्यासाठी हा अट्टहास, त्या अँटिबॉडी गाईनं आपल्या वासराच्या आजारांसाठी बनवलेल्या असतात. मोठ्या माणसाच्या पोटात त्यातल्या बहुतेक इतर प्रथिनांसारख्याच पचून जातात. चीक पौष्टिक आहे, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व त्यात भरपूर आहे. तेवढं पुरेसं नाही का? चिकाची पावडर घेणाऱ्या खेळाडूंनी आणखी एक लक्षात ठेवावं. चिकावर बंदी नाही, पण त्यात वाढीचे घटक असतात आणि उत्तेजक चाचणीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो, म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा तो घेऊ नये असंच सांगते.

दुधाची ॲलर्जी असेल तर चीकही वर्ज्य. मधुमेह असलेल्यांनी खरवसातली साखर आणि गूळ दोन्ही मोजावेत, गुळाला सूट नाही.

तान्ह्या बाळाला गाईचा चीक चाटवणं

कृपा करून करू नका. बाळासाठी आईचं स्वतःचं चीकदूध असतं. पिवळट आणि थोडंसंच येतं म्हणून ते पिळून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. जन्मल्यापासून तासाभरात ते बाळाच्या तोंडात गेलं पाहिजे. गाईचा चीक त्याची जागा घेऊ शकत नाही.

वासराच्या आधी स्वतःचं भांडं भरणं

पोटात असताना गाईच्या वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या नाळेच्या पिशवीतून, वासराला अँटिबॉडी मिळत नाहीत, त्या फक्त चिकातून मिळतात. त्या शोषून घेणारं आतडं साधारण 24 तासांत बंद होतं. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच पाजायला सुरुवात करायची आणि तीस किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या दिवशी तीन लिटर तरी जायला हवा. वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू न देणारे अजूनही आहेत. त्या तीन-चार तासांची वाट बघण्यात वासरू अशक्त होतं आणि पुढं हगवणीनं जातं. आमच्याकडं वासरू पोटभर प्यायलं की मगच शेजाऱ्यांच्या किटल्या भरतात.

चीक घेताना एक जरूर विचारा: गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी तिचं दूध काढणं बंद करताना, सडात औषध भरलं होतं का? भरलं असेल तर त्याचा अंश चिकात उतरू शकतो आणि तो वाफवूनही जाईलच असं नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय आम्ही असा चीक देत नाही. कास सुजलेल्या गाईचाही देत नाही.

उरलेला चीक फ्रीजरमध्ये काही महिने चांगला राहतो. बाटली काठोकाठ भरू नका. वितळवताना रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवा, गरम पाण्यात धरलात तर बाटलीतच घट्ट होईल. मी प्रत्येक बाटलीवर तारीख आणि पहिली धार की दुसरी, ते पट्टी चिकटवून लिहिते.