या चुका टाळा: ‘अस्सल हापूस’ लिहूनही गिऱ्हाईक का टिकत नाही?

मार्च लागला की व्हॉट्सॲप स्टेटसला सगळीकडे तेच, अस्सल देवगड हापूस, नैसर्गिक पिकवलेला, कार्बाइड फ्री, थेट बागेतून. चार जणांच्या पोस्ट शेजारी ठेवा, फोन नंबर सोडला तर काही फरक दिसणार नाही. मग गिऱ्हाईक फक्त डझनाचा भाव विचारतं आणि आपण आंबा विकणारे म्हणतो लोकांना क्वालिटीची कदरच नाही.

आता हे कार्बाइड फ्री बघा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ते मिरवणं म्हणजे दुकानावर ‘आम्ही काटा मारत नाही’ अशी पाटी लावण्यासारखं. त्यापेक्षा पिकवता कसा ते सांगा ना. पेंढ्यात आढी घालता की चेंबरला इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, देता? इथिलीन गॅस 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) कायद्याने चालतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण चेंबरचा माल ‘गवतात पिकवलेला’ म्हणून दिलात तर ते खोटं झालं.

दुसरी चूक, बाग राजापूरला आणि पेटीवर देवगड. का पण? हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी, एकट्या देवगडसाठी नाही. आपल्या गावाचं नाव लिहा, सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) बाग आहे की खाडीकाठची ते लिहा, असली माहिती दुसऱ्याला कॉपी करता येत नाही. आणि हो, बाग कोकणात आहे म्हणून जीआयचा लोगो आपोआप छापता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, बरेच जण इथेच गडबड करतात.

आता सगळ्यात डोकेदुखीचा विषय, साका. फळ वरून सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट स्पंजासारखा गर, की लगेच ‘फसवलंत’ असा मेसेज. साका बाहेरून ओळखता येत नाही हे आपल्याला माहीत असतं, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला नसतं, आणि आपण ‘शंभर टक्के गॅरंटी’ लिहून बसलेलो असतो. ही गॅरंटी काढून टाका. साका नसलेला आंबाच द्यायचा असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘रत्ना’ जात आहे, ती रत्ना म्हणूनच विका. हापूस देताना ऑर्डर घ्यायच्या आधीच सांगा की एखाद्या फळात साका निघू शकतो, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली देतो किंवा पैसे वळते करतो. आधी सांगितलं की तक्रार आली तरी भांडणाच्या सुरात येत नाही, आणि नंतर सांगितलं तर तीच गोष्ट सबब वाटते.

‘आंबट निघाला’ ही तक्रार वारंवार येत असेल तर खूपदा फळ कच्चंच कापलेलं असतं. पेटीत एक चिठ्ठी टाका, आज किती तयार आहेत, बाकीचे साधारण कधी होतील, फ्रिजमध्ये ठेवू नका. हाताने लिहिलेली असली तरी चालेल, पण मुद्दाम हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट वगैरे नको.

फोटो गूगलवरून उचलू नका. डाग असलेलं, लहान-मोठं फळ फोटोत दिसू दे, नाहीतर पेटी उघडल्यावर ते दिसणारच आहे. नातेवाइकांकडून पाच स्टारचे रिव्ह्यू तर अजिबात नको, सगळ्यांची आडनावं एकच असली की लोकांना कळतं.

शेजारच्या बागेतला माल घेता? घ्या की, मागणी वाढली की घ्यावाच लागतो, फक्त ‘आमच्या बागेतला’ हे शब्द त्या पेटीला लावू नका. आणि मे संपताना पाऊस सुरू झाला, आपला माल संपला, तर संपला असं स्टेटसला टाका. कर्नाटकचा आंबा आणून द्यायचा असेल तर तो कर्नाटकचा म्हणून, कमी भावात द्या, आमरसासाठी तोच मागणारी बरीच घरं असतात.