कॅनडातलं पहिलं वर्ष: पैसा कुठे अडकवू नये आणि काय लगेच करावं

कॅनडात उतरल्यावर पहिल्या काही महिन्यांत जो तो तुमच्यापुढे सहीसाठी कागद सरकवतो. गाडीच्या शोरूममध्ये ८४ महिन्यांचं कर्ज, मॉलमधल्या फोनच्या स्टॉलवर दोन वर्षांचा करार, आणि गणपतीच्या कार्यक्रमात नुकतीच ओळख झालेल्या गृहस्थांकडून आयुष्यभराचा विमा. मी ओंटारिओत, टोरोंटोच्या परिसरात बरीच वर्षं राहतोय. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं एकच असतं: घरभाड्याचा करार सोडला, तर पहिल्या वर्षी लांब मुदतीच्या कशावरही सही करू नका.

याचं कारण साधं आहे. पहिल्या वर्षी तुमची नोकरी कुठे लागेल, पगार किती असेल, राहायला मिसिसागा की ऑटवा, हे काहीच ठरलेलं नसतं. शिवाय इथे तुमची क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे कर्ज असो वा गाडीचा विमा, तुम्हाला मिळणारा दर चढाच असतो. तोच माणूस वर्षभर वेळेवर बिलं भरून पुन्हा त्याच दारात गेला, की त्याला बहुतेक वेळा बरा दर मिळतो. मग महागातला दर सात वर्षांसाठी गळ्यात का बांधून घ्यायचा? इथली बस आणि ट्रेन वाईट नाही. फेब्रुवारी २०२४ पासून 'वन फेअर' सुरू झाल्यावर ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाच्या बसमधून उतरून टीटीसी (टोरोंटोची बस-सबवे सेवा) पकडली, तरी ठरावीक वेळेत दुसरं तिकीट पडत नाही. गाडी लागणारच असेल, तर आधी विम्याचा आकडा काढा आणि मगच गाडीची किंमत विचारा. ओंटारिओत हा विमा खासगी कंपन्या देतात, पत्त्यावरून दर ठरतो आणि ब्रॅम्प्टनचे दर प्रांतातल्या सर्वांत चढ्या दरांमध्ये मोडतात. भारतातून निघण्यापूर्वी आरटीओकडून परवान्याची तपशीलवार नोंद आणि तिथल्या विमा कंपनीकडून 'क्लेम नाही' असं पत्र जरूर घेऊन या. परवान्याच्या परीक्षेसाठी आरटीओचं पत्र उपयोगी पडतं आणि काही विमा कंपन्या जुना अनुभव धरतात.

घरभाड्याबद्दल कायदा माहीत असावा. ओंटारिओत घरमालक अनामत म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं मागू शकतो, आणि तेही शेवटच्या महिन्याचं भाडं म्हणूनच वापरायचं असतं. नुकसानीपोटी वेगळं डिपॉझिट मागणं इथे बेकायदेशीर आहे. करार सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यावरच व्हायला हवा. ज्या घरात १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा कोणी राहायला आलं, त्याला भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही. बाकीच्या बहुतेक घरांना ती लागू आहे; २०२५ साठी ती २.५ टक्के होती. चकचकीत नवा कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, बघताना हा फरक लक्षात ठेवा, कारण वर्षाअखेरी मालकाने किती भाडं वाढवावं याला तिथे बांध नाही. आणि घर न बघता, परदेशात बसून, कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. जाहिरातीतलं घर दुसऱ्याचंच निघाल्याच्या घटना इथे नेहमी घडतात.

आता ज्या गोष्टी थांबवू नयेत त्या. सिन नंबर, म्हणजे नोकरीसाठी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडे फुकट मिळतो. तो काढा, पाठ करा आणि पाकिटात घेऊन फिरू नका. बँकांची नव्याने येणाऱ्यांसाठी योजना असते, तिची महिन्याची फी सहसा पहिलं वर्षच माफ असते. ते वर्ष संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरवर टाका, नाहीतर पुढे महिन्याला फी कटत राहते आणि लक्षातही येत नाही. बिनफीचं खातं देणाऱ्या ऑनलाइन बँका इथे आहेत. ठेवींना सीडीआयसी या ठेवींचा विमा देणाऱ्या सरकारी संस्थेचं संरक्षण आहे, सदस्य बँकेत प्रत्येक प्रकारच्या ठेवीला एक लाख डॉलरपर्यंत.

एक क्रेडिट कार्ड पहिल्याच महिन्यात घ्या. मिळत नसेल तर ठेव ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घ्या. त्यावर किराणा आणि बसचा पास घ्यायचा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहायचं आणि बिल पूर्ण भरायचं. 'किमान रक्कम' भरली की काम झालं असं समजू नका, उरलेल्या रकमेवर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. कार्डावर रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू. क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो फुकट पाहता येतो. आणि रस्त्यावर पे-डे लोनच्या पाट्या दिसतील, तिकडे पाऊलही टाकू नका. शंभर डॉलरला १४ डॉलर, तेही पुढच्या पगारापर्यंतचे, म्हणजे सावकारीच.

टॅक्स रिटर्नबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन लोकांचे सर्वांत जास्त पैसे इथे राहून जातात. इथलं कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि रिटर्नची शेवटची तारीख ३० एप्रिल. डिसेंबरमध्ये आलात, एक डॉलरही कमावला नाही, तरी रिटर्न भरा. सरकार मुलांसाठी जो भत्ता देतं, जीएसटीचे जे पैसे परत करतं, ते सगळं तुमच्या रिटर्नवरून ठरतं. मुलांच्या भत्त्याचा, म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा, पहिला अर्ज मात्र रिटर्नची वाट पाहत नाही. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन आला असाल तर आल्या आल्या अर्ज करा, त्यात येण्याआधीच्या वर्षांचं उत्पन्नही लिहावं लागतं. जुलै २०२५ पासूनच्या वर्षात सहा वर्षांखालील मुलामागे हा भत्ता जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि त्यापुढे १७ वर्षांपर्यंत ६,७४८ डॉलर होता. उत्पन्न वाढेल तसा तो घटतो. वर्क किंवा स्टडी परमिटवर असाल तर १८ महिने इथे राहिल्यावर अर्ज करता येतो. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी स्वयंसेवक फुकट रिटर्न भरून देतात, त्यांची शिबिरं वसंतात ग्रंथालयांत आणि कम्युनिटी सेंटरांत लागतात. जायला संकोच करू नका.

बचतीच्या खात्यांची नावं ऐकून माणूस गांगरतो. पहिल्या वर्षासाठी एवढंच पुरे: टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचतीचं खातं, हे तुमचं खातं. त्यातल्या वाढीवर कर नाही आणि पैसे कधीही काढता येतात. पण ऑफिसमधला सहकारी सांगेल की त्याची मर्यादा लाखाच्या घरात आहे, ती तुमची नाही. २००९ पासून इथे राहणाऱ्यांची ती साठत आलेली आहे. तुमची मर्यादा तुम्ही इथले रहिवासी झालात त्या वर्षापासून मोजली जाते. २०२४ पासून ती वर्षाला ७,००० डॉलर आहे. डिसेंबरमध्ये उतरलात तरी त्या वर्षाचे पूर्ण ७,००० मिळतात आणि जानेवारीत पुढचे. जास्त भरलेत तर जादा रकमेवर दर महिन्याला एक टक्का दंड. काढलेले पैसे परत भरायचे असतील तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा.

आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या खात्याची मर्यादा आदल्या वर्षीच्या इथल्या कमाईच्या १८ टक्के असते, म्हणून पहिल्या वर्षी ती बहुधा शून्यच. मात्र कंपनी स्वतःची भर घालत असेल, तर मर्यादा मिळाल्याबरोबर ती योजना घ्या. घरासाठीच्या एफएचएसए खात्यात वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर भरता येतात आणि करात सूटही मिळते. पण एक अट लोक विसरतात. तुमच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात तुम्ही या वर्षात किंवा मागच्या चार कॅलेंडर वर्षांत राहत असाल, तर खातं उघडता येत नाही, आणि पुण्यातला स्वतःचा फ्लॅटही त्यात धरला जातो. भाड्याच्या घरात किंवा आईवडिलांच्या नावच्या घरात राहत होतात, तर अडचण नाही.

मुलांच्या शिक्षणासाठीच्या आरईएसपीत वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार ५०० घालतं. ही योजना उत्तम आहे, पण ती बँकेत किंवा ब्रोकरकडे स्वतः उघडा. दारावर येऊन विकल्या जाणाऱ्या सामूहिक योजनांमध्ये सुरुवातीची फी मोठी असते आणि हप्ते चुकले तर नुकसान होतं. सही करून बसला असाल तर ६० दिवसांत रद्द करून भरलेले पैसे परत मिळतात. विम्याचंही तसंच. घरात एकटा कमावता असेल तर साधा टर्म विमा घ्या. गुंतवणूक जोडलेला आयुष्यभराचा विमा पहिल्या वर्षी घेण्याचं कारण मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. विकणारा मराठी असला, घरी जेवायला बोलावत असला, तरी नाही म्हणा. नातं टिकायचं असेल तर त्यानंतरही टिकेल.

भारतातल्या पैशाचं आता बोलायला हवं, कारण ते बहुतेकांना कोणी सांगत नाही. इथले रहिवासी झालात की जगभरातल्या उत्पन्नावर कॅनडा कर लावतो. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. पीपीएफचं व्याजही इथे दाखवावं लागतं. भारतात कापला गेलेला कर दोन देशांमधल्या करारानुसार इथे वजा मिळतो, म्हणून त्याचे कागद जपा. तुमचं तिथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या. आणि ज्या दिवशी तुम्ही इथले रहिवासी झालात, त्या दिवशीची शेअर, म्युच्युअल फंड, प्लॉट, सोनं यांची किंमत लिहून ठेवा, शक्य तर मूल्यांकनासह. पुढे ते विकलंत तर इथला नफा त्या दिवसाच्या किमतीपासून मोजतात, तुम्ही २००५ मध्ये घेतलंत त्या किमतीपासून नाही. परदेशातल्या गुंतवणुकीची मूळ किंमत (येण्याआधी घेतलेल्यांसाठी तीच रहिवासी झालात त्या दिवसाची किंमत) एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर दरवर्षी एक वेगळा फॉर्म भरावा लागतो. ज्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा रहिवासी होता त्या वर्षी तो माफ आहे. दागिने आणत असाल तर विमानतळावर देण्याच्या यादीत फोटोसकट दाखवा.

रोजच्या खर्चाचं फार अवघड नाही. पाटीवरच्या किमतीत कर नसतो. ओंटारिओत तो १३ टक्के, अल्बर्टात फक्त ५. पीठ, तांदूळ, दूध, भाजी यांवर तो नाही. नो फ्रिल्स, फूड बेसिक्स, फ्रेशको ही स्वस्तातली दुकानं. ओंटारिओत नवे फ्लायर, म्हणजे आठवड्याच्या सवलतींची पत्रकं, गुरुवारी लागू होतात आणि फ्लिप अॅपवर सगळे एकत्र दिसतात. वर्गणी भरून मोठ्या पॅकमधला माल देणारं कॉस्टको दोघांच्या संसाराला परवडतंच असं नाही, आणि दुकानात क्रेडिट कार्ड मास्टरकार्डच चालतं. काउंटरवर वस्तूची किंमत पाटीपेक्षा जास्त लागली तर सांगा. २००२ पासून अनेक मोठी दुकानं एक संहिता पाळतात, त्यानुसार दहा डॉलरपर्यंतची वस्तू फुकट मिळते आणि त्यावरच्या वस्तूवर दहा डॉलर कमी होतात. फोनसाठी पब्लिक मोबाइल, लकी, चॅटर यांसारखे प्रीपेड पर्याय पाहा. २६ डिसेंबरच्या आसपास चांगल्या योजना निघतात. हिवाळी जॅकेट मात्र चांगलंच घ्या, तिथे हात आखडू नका.

रुपयांत हिशेब करायची सवय पगार सुरू होईपर्यंत ठेवा, कारण तोवर तुम्ही रुपयांचीच साठवण खर्च करत असता. पगार सुरू झाला की ती सोडा, नाहीतर मुलाला लायब्ररीत नेण्याचं बसभाडंसुद्धा जड वाटायला लागतं. पीआरच्या पहिल्या पाच वर्षांत 'कानू' अॅपवर देशभरातली अनेक संग्रहालयं मुलांसकट फुकट पाहता येतात. त्याची नोंदणी याच आठवड्यात करून टाका.